पुसट रेघ आणि लपलेला हिवताप

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. हिवतापाच्या जलद चाचणीला त्यातलं ५ मायक्रोलिटर पुरतं, म्हणजे दहा लाख भागांतला एक भाग. रक्ताच्या दर मायक्रोलिटरमध्ये २०० परजीवी असतील, तर त्या माणसाच्या अंगात एकूण १०० कोटी परजीवी असतात आणि चाचणीच्या पट्टीवर त्यांतले १,००० येतात. मायक्रोलिटरमागे एकच परजीवी असेल, तर अंगात ५० लाख आणि पट्टीवर अवघे ५. आज गावोगाव वापरल्या जाणाऱ्या चाचण्या हजार परजीवी बहुतेक वेळा ओळखतात, पाच ओळखू शकत नाहीत. चाचणीची संवेदनशीलता वाढवण्याचे सगळे प्रयत्न हजार आणि पाच यांच्यामधल्या पट्ट्यात चालले आहेत.

हा केवळ प्रयोगशाळेतल्या कौशल्याचा प्रश्न नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात हिवतापाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण होते आणि ५ लाख ९७ हजार माणसं त्यानं दगावली. त्यांत आफ्रिकेतली पाच वर्षांखालची मुलं सर्वाधिक. वेळेत ओळखला तर हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो. भारतानं २०३० पर्यंत हिवतापाचं निर्मूलन करायचं ठरवलं आहे, आणि निर्मूलन म्हणजे तापानं फणफणलेल्या रुग्णाबरोबरच ज्याला काहीच होत नाही असा परजीवी बाळगणारा माणूसही शोधून काढणं.

काचपट्टीपासून कागदी पट्टीपर्यंत

हिवतापाचं निदान शंभर वर्षं सूक्ष्मदर्शकावर चाललं. काचपट्टीवर रक्ताचा जाड आणि पातळ लेप द्यायचा, गुस्टाव्ह गिम्सा यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या रंगानं तो रंगवायचा आणि परजीवी डोळ्यांनी शोधायचे. मुरलेला तंत्रज्ञ मायक्रोलिटरमागे ५ ते १० परजीवीसुद्धा टिपतो. पण कामाच्या रगाड्यात, जुन्या भिंगांवर आणि विजेच्या लपंडावात ही मर्यादा ५० ते १०० वर जाते. शिवाय काचपट्टी गावातून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणार, तपासली जाणार आणि निकाल परत येणार. पावसाळ्यात नाले भरले की या फेरीला दिवसच्या दिवस लागत. म्हणून रक्त घेतानाच क्लोरोक्विनच्या गोळ्या अंदाजानं देऊन टाकायची पद्धत आपल्याकडे कित्येक वर्षं होती.

१९९० च्या दशकात कागदासारख्या पातळ पडद्यावरच्या चाचण्या आल्या आणि चित्र बदललं. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको, १५ ते २० मिनिटांत निकाल. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं संशयित रुग्णाला आधी चाचणी आणि मगच औषध असा आग्रह धरला, तोही मुख्यतः या पट्ट्यांच्या भरवशावर. भारतात २०१३ पासून फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स हे दोन्ही परजीवी ओळखणारं संयुक्त किट राष्ट्रीय कार्यक्रमात वापरलं जातं. गडचिरोलीत भामरागड किंवा एटापल्लीच्या जंगलातल्या गावात आशाताईच्या पिशवीत गोळ्यांबरोबर हे किटही असतं, आणि तिथल्या तापाचं पहिलं निदान अनेकदा त्याच पट्टीवर होतं.

रेघ उमटते कशी?

पट्टीचा गाभा म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा सच्छिद्र पडदा. रक्ताचा थेंब आणि त्यावर टाकलेलं द्रावण या पडद्यातून पुढे सरकतं, वातीत तेल चढावं तसं. द्रावण पेशी फोडतं आणि परजीवीची प्रथिनं मोकळी होतात. वाटेत सोन्याचे अतिसूक्ष्म कण ठेवलेले असतात आणि त्यांच्यावर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. परजीवीचं प्रथिन भेटलं की प्रतिपिंड ते पकडतं आणि सोन्याच्या कणासकट पुढे नेतं. पडद्यावर आडव्या रेषेत तशीच प्रतिपिंडं घट्ट बसवलेली असतात. ती त्या प्रथिनाला दुसऱ्या बाजूनं धरतात, सोन्याचे कण तिथे साचतात आणि लालसर रेघ दिसते. दुसरी रेघ नियंत्रणाची असते. ती आली नाही तर चाचणी बाद.

फाल्सिपेरमसाठी बहुतेक चाचण्या एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधतात. हिस्टिडिन या अमिनो आम्लानं ते भरलेलं असतं आणि त्याच्या साखळीत तेच ते छोटे तुकडे पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे एकाच रेणूवर अनेक प्रतिपिंडांना जागा मिळते आणि रेघ ठळक होते. दुसरा मोठा गुण असा की परजीवी हे प्रथिन रक्तात सोडतो. फाल्सिपेरमचे वाढलेले परजीवी मेंदूतल्या, वारेतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. बोटाच्या रक्तात ते नसतातच, म्हणून काचपट्टीवरही दिसत नाहीत. प्रथिन मात्र रक्ताबरोबर फिरत राहतं आणि लपलेल्या परजीवीचा ठाव पट्टीला लागतो.

याच गुणाचा पुढच्या संशोधनाला आधार मिळाला. मायक्रोलिटरमागे परजीवी ०.१ असेल, तर ५ मायक्रोलिटर रक्तात सरासरी अर्धा परजीवी येतो. म्हणजे दहांतल्या सहा थेंबांत एकही परजीवी नसतो, आणि जिथे परजीवीच नाही तिथे जगातलं उत्तम भिंगही काय करणार? प्रथिनाचे रेणू मात्र त्याच थेंबात लाखोंनी असू शकतात. परजीवी मोजण्यापेक्षा त्याच्या खुणा पकडणं म्हणूनच अधिक दूर नेणारं आहे.

संवेदनशीलता वाढवायच्या वाटा

पहिली वाट प्रतिपिंडांची. द्रावण चाचणीच्या रेषेवरून काही सेकंदांतच पुढे जातं. तेवढ्या वेळात रेणू धरायचा आणि सुटू द्यायचा नाही, तर प्रतिपिंडाची पकड घट्ट हवी. शेकडो प्रतिपिंडं चाळून पकडणारं आणि रंग वाहणारं अशी योग्य जोडी निवडणं हे कष्टाचं काम आहे, पण सुधारणेतला मोठा वाटा याच कामाचा असतो.

दुसरी वाट प्रवाहाची. बारीक छिद्रांच्या पडद्यावर द्रावण सावकाश सरकतं, रेणूंना पकडले जायला वेळ मिळतो आणि रेघ गडद होते. त्याची किंमत म्हणजे निकालाला होणारा उशीर. फार वेळ गेला तर पडदा वाळू लागतो आणि खोटी रेघ दिसण्याचा धोका वाढतो.

तिसरी वाट रंगाची. सोन्याचा कण मोठा केला तर तो जास्त प्रकाश शोषतो आणि थोड्या कणांतही डोळ्यांना रेघ दिसते. पण फार मोठे कण पडद्यात अडकतात. काही गटांनी सोन्याऐवजी युरोपियमसारखे चमकणारे पदार्थ वापरले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉन बिशॉफ यांच्या गटानं रेघेवर लेसर टाकून सोन्याच्या कणांना येणारी ऊब मोजली. डोळ्यांना न दिसणारी रेघ उष्णतेनं सापडते. या दोन्हींत वाचायला यंत्र लागतं, आणि यंत्र आलं की बॅटरी, दुरुस्ती आणि खर्च आला.

चौथी वाट नमुन्याची. पट्टीत बदल न करता अधिक रक्तातलं प्रथिन छोट्या जागेत गोळा करायचं. हिस्टिडिनला निकेल किंवा जस्तासारखे धातू आवडतात. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड राइट आणि रिक हॅसल्टन यांच्या चमूनं ही रासायनिक ओढ वापरली. धातूचा लेप असलेले चुंबकीय मणी रक्तात मिसळले की एचआरपी-२ त्यांना चिकटतं, मग चुंबकानं मणी ओढून ते प्रथिन नेहमीच्याच पट्टीवर सोडायचं. उत्तम कल्पना आहे, पण झोपडीच्या ओसरीवर एक पायरी वाढली की चूक व्हायची एक जागाही वाढते.

पाचवी वाट पट्टीच्या पलीकडची, परजीवीच्या जनुकांची. लॅम्प नावाच्या पद्धतीत सुमारे ६५ अंश सेल्सिअस या एकाच तापमानाला डीएनएच्या असंख्य प्रती तयार होतात, म्हणून पीसीआरसारखं तापमान खालीवर करणारं यंत्र लागत नाही. जपानच्या आयकेन कंपनीचं लॅम्प किट मायक्रोलिटरमागे एक-दोन परजीवीही ओळखतं. पण रक्त आधी प्रक्रिया करून घ्यावं लागतं, तापवणारं साधन लागतं आणि प्रशिक्षित हात लागतात. तालुक्याच्या रुग्णालयात हे जमेल. आशाताईच्या पिशवीत आज तरी ते मावत नाही.

दहापट चाचणी, पण फायदा किती?

या प्रयत्नांतून २०१७ मध्ये अलेर कंपनीची अतिसंवेदनशील पट्टी बाजारात आली. पुढे ही कंपनी अॅबटमध्ये गेली. नेहमीच्या चांगल्या पट्टीला दर मिलिलिटर रक्तात सुमारे ८०० पिकोग्रॅम एचआरपी-२ लागतं, नव्या पट्टीला ८० पिकोग्रॅम पुरतं. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. दिसायला पट्टी तीच, वापरायला तीच, यंत्र नाही आणि संवेदनशीलता दहापट.

युगांडा, म्यानमार आणि इतर ठिकाणी ती तपासली गेली. लक्षणं नसलेल्या माणसांतले काही जास्त संसर्ग तिनं पकडले, पण सापडलेल्यांची संख्या दहापट झाली नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. प्रयोगशाळेतली संवेदनशीलता म्हणजे किती कमी प्रथिन ओळखता येतं हे माप. गावातली संवेदनशीलता म्हणजे शंभर संसर्गित माणसांपैकी किती सापडली हे माप. तापानं आलेल्या बहुतेक फाल्सिपेरम रुग्णांच्या रक्तात मायक्रोलिटरमागे २०० पेक्षा बरेच जास्त परजीवी असतात, त्यांना जुनी पट्टीही पकडते. उरतात ते लक्षणं नसलेले, अगदी विरळ परजीवी बाळगणारे. त्यांतल्या कित्येकांच्या रक्तात ८० पिकोग्रॅमसुद्धा नसतं. मधल्या पट्ट्यात पडणाऱ्यांनाच नव्या पट्टीचा लाभ.

दुसरी अडचण उलट्या बाजूची. एचआरपी-२ रक्तात रेंगाळतं. औषधानं परजीवी मेले तरी काही आठवडे पट्टी सकारात्मक येत राहते. पट्टी जितकी तीक्ष्ण, तितकी ही मागची सावली लांब. मग चार आठवड्यांपूर्वी बरं झालेल्या मुलाला पुन्हा ताप आला, तर तो हिवताप आहे की न्यूमोनिया, हे रेघ सांगत नाही. अशा वेळी रेघेवर विसंबून हिवतापाचं औषध दिलं आणि खरा आजार राहून गेला, तर अति संवेदनशीलताच जिवावर बेतते. तापाच्या रुग्णासाठी जागतिक आरोग्य संघटनेनंही नेहमीच्या चाचण्या सोडून ही पट्टी वापरायला सांगितलं नाही.

कोणाला हवी आहे ही चाचणी?

मग ज्यांना खरी गरज आहे ते कोण? पहिले, परजीवी अंगात बाळगून हिंडणारे. वारंवार लागण झालेल्या माणसात आंशिक प्रतिकारशक्ती येते, ताप येत नाही, पण त्याला चावलेला डास परजीवी पुढे नेऊ शकतो. ओडिशात २०१७ पासून दुर्गम भागांत चाललेल्या ‘दमन’ मोहिमेत ताप असो वा नसो, गावातल्या सगळ्यांची किटनं तपासणी केली गेली. २०२० मध्ये छत्तीसगडच्या बस्तरमध्ये तशीच घरोघर मोहीम झाली, तेव्हा सकारात्मक सापडलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिकांना कसलंही लक्षण नव्हतं. बस्तर आणि गडचिरोली यांच्यामध्ये नकाशावर रेघ आहे, जंगलात नाही. तेंदूपत्त्याला, मजुरीला, नातलगांकडे माणसं रोज ये-जा करतात आणि परजीवीही. इथे थोडी अधिक तीक्ष्ण पट्टीसुद्धा कामाची.

दुसऱ्या, गर्भवती बायका. परजीवी वारेत दडतात, आई अशक्त होते, बाळ कमी वजनाचं जन्मतं, आणि बोटाच्या रक्तात काहीच दिसत नाही. आईला ताप असेलच असंही नाही.

तिसरे, व्हायवॅक्सचे रुग्ण. त्यांच्याकडे संशोधनाचं लक्ष उशिरा गेलं. हा परजीवी फक्त कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो, म्हणून त्याची संख्या मुळातच कमी राहते. तो एचआरपी-२ बनवत नाही. त्याच्यासाठी पीएलडीएच हे दुसरं प्रथिन शोधावं लागतं. त्यात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे नाहीत, म्हणून रेघ फिकी पडते. भर म्हणजे व्हायवॅक्सची काही रूपं यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात आणि नंतर जागी होतात. ती झोपलेली असताना रक्तातला परजीवी शोधणारी कुठलीच चाचणी त्यांना पकडत नाही. मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमधले शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी त्यावर वेगळा मार्ग शोधत आहेत. रक्तातली आठ प्रतिपिंडं तपासून, गेल्या नऊ महिन्यांत व्हायवॅक्सची लागण झाली होती का, हे ते ओळखतात. ज्याला झाली होती त्याच्या यकृतात परजीवी झोपलेला असण्याची शक्यता मोठी.

परजीवीनं प्रथिन बनवणंच सोडलं तर

संवेदनशीलतेला सर्वांत मोठा धक्का वेगळ्याच बाजूनं बसला. २०१० मध्ये पेरूच्या अॅमेझॉन खोऱ्यातल्या फाल्सिपेरम परजीवींत एचआरपी-२ चं जनुकच नसल्याचं प्रसिद्ध झालं. असे परजीवी एचआरपी-२ शोधणाऱ्या पट्टीला दिसतच नाहीत, ती दहापट तीक्ष्ण केली तरी नाही. पुढे एरिट्रियात गंभीर रुग्णांच्या चाचण्या नकारात्मक येऊ लागल्या, आणि तिथल्या रुग्णालयांत जनुक गमावलेल्या परजीवींचं प्रमाण मोठं निघालं. त्या देशानं २०१६ मध्ये चाचणी बदलली. इथिओपिया आणि जिबुतीतही हे परजीवी पसरले आहेत. मध्य भारतातही ते सापडले, पण कमी प्रमाणात.

हे पसरतात कसे, ते सरळ आहे. पट्टी सकारात्मक आली तरच औषध, असा नियम असेल, तर जो परजीवी पट्टीला चुकवतो तो औषधालाही चुकवतो आणि त्याचा वंश वाढतो. म्हणून ज्या भागात या जनुकाच्या अभावामुळे ५ टक्क्यांहून अधिक रुग्ण चाचणीतून निसटतात, तिथे चाचणी बदलावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पर्याय म्हणजे पीएलडीएच. हे विकर परजीवीला जगायला लागतंच, ते सोडून देणं त्याला परवडत नाही. परजीवी मेला की ते रक्तातून लवकर ओसरतं, म्हणून मागची सावलीही उरत नाही. अडचण एकच होती, एचआरपी-२ इतकी ठळक रेघ त्यातून निघत नव्हती. ती काढायचं काम गेल्या काही वर्षांत नेटानं झालं, आणि २०२५ मध्ये फाल्सिपेरमचं पीएलडीएच शोधणाऱ्या जलद चाचणीला जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वमान्यता मिळाली. पट्टी कोणत्या प्रथिनावर भिस्त ठेवते, हा प्रश्न ती किती तीक्ष्ण आहे याच्या आधी विचारायला हवा.

शेवटच्या गावातली संवेदनशीलता

खोक्यावर छापलेला आकडा आणि गावात मिळणारा निकाल यांत आणखी एक दरी असते. पडद्यावरची प्रतिपिंडं उन्हानं आणि दमटपणानं खराब होतात. बहुतेक किट ३० किंवा ४० अंशांपर्यंतच ठेवायची असतात, आणि विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पारा त्याच्या कितीतरी वर जातो. बंद पाकीट चाचणीच्या क्षणीच फोडायचं असतं. आधी फोडून ठेवलं तर पावसाळी हवा पडदा खाते. द्रावणाचे थेंब कमी-जास्त पडले, रक्त कमी घेतलं, निकाल वेळेआधी वाचला, कंदिलाच्या उजेडात पुसट रेघ दिसली नाही, तर दहापट तीक्ष्ण पट्टीही वाया. फिकी रेघ ही सकारात्मकच असते, हे प्रत्येक प्रशिक्षणात ठासून सांगावं लागतं.

याच्या उलट टोकाचीही एक चूक होते. रक्तात एचआरपी-२ प्रमाणाबाहेर असलं तर पकडणारी आणि रंग वाहणारी दोन्ही प्रतिपिंडं वेगवेगळ्या रेणूंनी भरून जातात, दोघांना जोडणारा रेणू उरत नाही आणि रेघ फिकी पडते किंवा येतच नाही. म्हणजे सर्वांत आजारी रुग्णाची चाचणी नकारात्मक. लक्षणं हिवतापाची आणि पट्टी कोरी, असा रुग्ण दिसला की काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायलाच हवी. जुनं तंत्र टाकून द्यायचं नसतं, ते याचसाठी.

एकच सर्वोत्तम पट्टी असावी, या अपेक्षेनं चाललो तर पैसा आणि वेळ चुकीच्या ठिकाणी जाईल. तापाच्या रुग्णाला वेळेवर मिळणारी, उन्हात टिकणारी, नीट वाचता येणारी साधी पट्टी हवी. निर्मूलनाच्या टप्प्यातल्या गावाला तीक्ष्ण पट्टी हवी आणि तिच्या जोडीला तालुक्यात जनुकीय चाचणीची सोय हवी. व्हायवॅक्सला त्याची स्वतःची चाचणी हवी. आणि परजीवी बदलतो आहे का, यावर सतत नजर हवी, नाहीतर आजची उत्तम पट्टी उद्या आंधळी होईल. संवेदनशीलता प्रयोगशाळेत जन्मते, पण ती टिकते साठवणुकीच्या खोलीत, आशाताईच्या प्रशिक्षणात आणि तिला वेळेवर मिळणाऱ्या मानधनात. पिकोग्रॅमसाठी झटणाऱ्या शास्त्रज्ञांचं काम वाया जाऊ द्यायचं नसेल, तर या तिन्ही गोष्टींसाठीही तितकाच पैसा आणि तितकंच लक्ष दिलं पाहिजे.